उरलेला पांढरा

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या वस्त्यांमध्ये एखाद्या तिमजली घराच्या गच्चीवर उभे राहून आजूबाजूला पाहिले, तर घरांची वये त्यांच्या माथ्यावरून ओळखता येतात. कौले शिल्लक असलेली घरे सर्वांत जुनी. निळे-तांबडे पत्रे चढवलेली घरे अलीकडची. या दोहोंच्या मध्ये, स्लॅबची हौस नवी असताना बांधलेली जी घरे आहेत, त्यांतील पुष्कळांच्या गच्च्यांवर फुटक्या चिनी फरशीचे पांढरे तुकडे बसवलेले दिसतात. कागदोपत्री त्याला चायना मोझॅक म्हणतात. आमच्याकडचे गवंडी नुसतेच ‘चायना’ म्हणतात. मी घरांच्या अंतर्गत रचनेची आणि डागडुजीची कामे करते, त्यामुळे अशा गच्च्यांवर माझे नेहमीच जाणे होते. पांढऱ्या रंगाविषयी लिहायचे ठरवल्यावर मला संगमरवर, बर्फ किंवा राजहंस यांच्याआधी ही गच्ची आठवली, कारण टाकाऊ वस्तू आणि पांढरा रंग या दोन गोष्टी येथे एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत.

हे काम जवळून पाहण्यासारखे असते. आधी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात, म्हणजे भट्टीवर फुटलेल्या किंवा घर पाडताना निघालेल्या अर्ध्या-मुर्ध्या विटा उभ्या लावून, त्यांच्या फटींत माल भरून, पावसाळी पाइपाच्या दिशेने उतार काढतात. कठडा आणि जमीन जेथे मिळतात तेथे पाणी तुंबू नये म्हणून गोलाई देतात. तिला गवंडी ‘वाटा’ म्हणतात. त्यावर सिमेंटचा ओला थर पसरून फरशीचे तुकडे एकेक करून दाबतात आणि लाकडी थापीने ठोकून सारख्या पातळीत आणतात. कडा उडालेल्या, चकाकी नीट न बसलेल्या, वाहतुकीत तडकलेल्या फरश्या दुकानदाराच्या दृष्टीने निव्वळ अडगळ. त्या पोत्याच्या भावाने मिळतात. सपाट जागी मोठे तुकडे चालतात. वाट्यावर मात्र नखाएवढे तुकडे लागतात, नाहीतर कोपरे वर येतात आणि अनवाणी पायाला लागतात. शेवटी फटींत पांढरे सिमेंट भरून सगळी जमीन सौम्य आम्लाने धुतली, की वर चढलेली सिमेंटची राखाडी साय निघून जाते आणि गच्ची डोळे दिपतील इतकी पांढरी होते. तुकड्यांची नक्षी जुळवावी म्हणून मी एकदा एका मिस्त्रींच्या मागे लागले होते. ते कन्नड घरातले, मराठी अगदी आमच्यासारखी बोलणारे. ते म्हणाले, “अक्का, नक्षी खालच्या फरशीला करू की. हितं पाणी कुठनं जातंय तेवढंच बघायचं.”

पाणी आणि ऊन, ही या पांढऱ्याची खरी कामे आहेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आणि घाटाच्या तोंडाशी आहे. जून लागला की आठवडेच्या आठवडे रिपरिप चालते, आणि मार्च-एप्रिलमध्ये उघडा स्लॅब दिवसभर तापून रात्री वरच्या खोलीत उतरतो. चकाकीची फरशी पाणी शोषत नाही आणि पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परत फेकतो. शुद्धता, शांतता, विरक्ती हे पांढऱ्याचे अर्थ आपण पुढे कितीही लावले, तरी गच्चीवरच्या माणसाच्या लेखी तो आधी थंडाव्याचा रंग आहे.

या गवंडीकामाला भारतीय वास्तुकलेत जी प्रतिष्ठा मिळाली, तिचे श्रेय मुख्यतः बाळकृष्ण दोशी यांच्याकडे जाते. पुण्यात १९२७ साली जन्मलेल्या दोशींनी अहमदाबादेत १९८०च्या सुमारास ‘संगत’ हे स्वतःचे कार्यालय बांधले. अर्धे जमिनीत, अर्धे वर. आणि वरच्या अर्धगोल छतांवर फुटक्या पांढऱ्या फरशीचे कवच. पाऊस त्या छतांवरून ओघळून खालच्या पन्हळींत आणि तेथून कुंडात जातो. पुढे मकबूल फिदा हुसेन यांच्यासोबत त्यांनी जमिनीखालची ‘गुफा’ उभारली, तिच्याही घुमटांवर हेच तुकडे आहेत. वास्तुकलेतील प्रित्झकर पुरस्कार २०१८ साली दोशींना मिळाला, तेव्हा त्या छतांची छायाचित्रे सगळीकडे झळकली आणि आमच्याकडची एक-दोन गिऱ्हाइके ‘तसले पांढरे छत’ मागत आली. तसले छत त्यांच्या आजोबांच्या घरावर होते आणि त्यांनीच ते उखडून वर पत्रा घातला होता, ही गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

दोशींनी तरुणपणी पॅरिसमध्ये वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम केले होते, आणि पांढऱ्याच्या बाबतीत गुरूची भूमिका शिष्याच्या नेमकी उलट होती. ल कॉर्ब्युझिए यांनी १९२५ मध्ये आग्रहाने मांडले, की प्रत्येक नागरिकाने घरातील पडदे, नक्षीचे कापड, भिंतीवरचे रंगीत कागद काढून टाकावेत आणि भिंतींना रिपोलिन या तयार रंगाचा स्वच्छ पांढरा हात द्यावा. घर पांढरे झाले की अंधारे कोपरे उरत नाहीत, आणि कोपरे उरले नाहीत की माणूस निरुपयोगी वस्तू जमवत नाही, असा तो विचार होता. म्हणजे हा पांढरा जुने बाहेर काढणारा आहे. त्याच सुमारास टायटॅनियमपासून केलेला पांढरा रंग बाजारात रुळू लागला, विषारी शिशाचा सफेता मागे पडला, आणि कोणालाही, कशावरही, दाट आणि डाग झाकणारा पांढरा चढवणे सोपे झाले. आज दवाखाना, मोबाइलचे दुकान, कलादालन आणि नवश्रीमंतांचे स्वयंपाकघर या चारही ठिकाणी जो पांढरा दिसतो, तो याच वंशाचा आहे. येथे अजून काही घडलेले नाही, असे तो सांगत असतो.

गंमत अशी, की त्याच ल कॉर्ब्युझिए यांनी आखलेल्या चंदीगडमध्ये, शहर उभे करण्यासाठी पाडलेल्या खेड्यांच्या मलब्यातून दुसरीच एक वस्ती गुपचूप तयार होत होती. नेकचंद सैनी हे सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक. त्यांनी १९५७ च्या सुमारास, सरकारी राखीव जागेत, कोणाची परवानगी न घेता, फुटकी भांडी, बांगड्यांच्या काचा, विजेचे निकामी सामान आणि मोडकी पांढरी संडासपात्रे यांतून माणसे, पक्षी आणि भिंती घडवायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांना त्याचा पत्ता लागला तो १९७५ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ही वस्ती ‘रॉक गार्डन’ या नावाने लोकांसाठी खुली झाली. तेथल्या भिंतींत बसवलेल्या पांढऱ्या चिनीमातीकडे पाहताना ती पूर्वी काय होती हे विसरता येत नाही, आणि विसरावे अशी नेकचंद यांची इच्छाही दिसत नाही. मला या गोष्टीत न्याय दिसतो. आखीव शहराने जे टाकले, ते त्याच शहराच्या कडेला, त्याच्याइतकेच टिकाऊ होऊन उभे राहिले.

तेव्हा पांढरे दोन आहेत, असे मला वाटत आले आहे. एक चढवलेला आणि एक उरलेला. चढवलेला डब्यातून येतो आणि खालचे झाकतो. उरलेला पांढरा म्हणजे वस्तू वापरून, झिजवून, जाळून, धुऊन झाल्यावर जे शिल्लक राहते त्याचा रंग. आमच्या सीमाभागात ज्या पांढऱ्या गोष्टींना मान आहे, त्या बारकाईने पाहिल्या तर बहुतेक सगळ्या या दुसऱ्या जातीच्या निघतात.

विभूती घ्या. बेळगाव जिल्ह्यात लिंगायत समाज मोठा आहे, आणि इतरही शैव घरांत सकाळी कपाळावर भस्माची तीन बोटे उमटतात. ते भस्म म्हणजे गाईच्या शेणाची जाळून केलेली राख. गोवरी अर्धवट जळली तर राख काळपट राहते, कारण तिच्यात कोळसा शिल्लक असतो. सगळा कोळसा जळून गेला की मागे खनिजांची पांढरी राख राहते. गोठ्यातील सर्वांत हलकी गोष्ट माणसाच्या सर्वांत वरच्या अवयवावर जाते, ती मध्ये आग झाल्यानंतर. वैराग्याचा अर्थ त्या राखेला बाहेरून डकवावा लागत नाही, तो तिच्या कृतीतच आहे.

चुन्याचेही तेच. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की फसफसून, वाफा सोडत विरतो. आणि भिंतीला लागल्यावर हवेतला तोच वायू पुन्हा ओढून घेत हळूहळू परत दगड होतो. कारवार-गोव्याच्या किनाऱ्यावर तर खाऊन टाकलेल्या तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्या भाजून चुना करत असत, म्हणजे जेवणाच्या खरकट्यातून देवळाची भिंत पांढरी होत असे. आमच्या लहानपणी दसऱ्याआधी चुना विरवून, त्यात मीठ आणि किंचित नीळ घालून, केकताडाच्या कुंच्याने घर सारवल्यासारखे पांढरे करत. नीळ अशासाठी, की चुन्याच्या अंगचा पिवळसरपणा निळ्या छटेने मारला जातो आणि डोळ्यांना तो जास्त पांढरा भासतो. दरवर्षीचा हात आदल्या वर्षीच्या हातावर बसत असे. शहापुरातील एखादा जुना वाडा पाडताना भिंतीचे पोपडे हातात घेतले, तर त्यांच्या कडेला थरावर थर दिसतात आणि एकही थर दुसऱ्यासारखा पांढरा नसतो. एखादा निळसर, एखादा धुराने पिवळलेला, मधेच एखादा गुलाबी, बहुधा लग्नाच्या वर्षीचा. हल्लीच्या प्लास्टिक पेंटचा पापुद्रा एकसंध सोलून निघतो. त्याला असा काठ नसतो.

याहून मोठा पुरावा गावाच्या पायाखालीच आहे. आपल्याकडे जुन्या व्यवस्थेत गावच्या जमिनीचे दोन भाग मानत: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. वस्तीची जमीन पांढरी होते ती माणसे तेथे राहिल्यामुळे. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, विरघळलेल्या मातीच्या भिंती, गोठ्यांचा केर, भांड्यांची खापरे, चुन्याचे कण हे सगळे एकावर एक साचत जाते आणि मातीचा रंग उतरतो. अथणी, रायबाग, सौंदत्तीकडच्या कोरड्या पट्ट्यात मातीच्या सपाट माळवदांसाठी पांढरी माती वापरत; तिच्यात पाणी लवकर मुरत नाही. ओसाड पडलेल्या जुन्या गावठाणाची माती शेतकरी गाड्या भरभरून शेतात खत म्हणून नेत, कारण पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि शेण तिच्यात असते. पुरातत्त्ववाले या सवयीवर चिडतात आणि त्यांचे चिडणे योग्यच आहे. बेळगावला लागून असलेल्या वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष सापडले, ते अशाच साठलेल्या थरांमधून. तरीही टाकाऊतून टिकाऊ करण्याचा याहून जुना आणि याहून मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग मला माहीत नाही: अख्खे गाव स्वतःच्या कचऱ्यावर उंच होत जाते, त्याच मातीने घर शाकारते आणि घर पडले की ती शेतात पसरते.

(विषय निघालाच आहे तर सांगते. ज्या शाकाहारी घरांत पाहुण्यांसाठी बोन चायनाचे पांढरेशुभ्र कपबशांचे संच काचेच्या कपाटात जपून ठेवलेले असतात, त्या घरांत मी हा मुद्दा सहसा काढत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जोसाया स्पोड यांच्या कारखान्यात स्थिरावलेल्या या चिनीमातीचा शुभ्रपणा आणि आरपार दिसणारा नाजूकपणा गुरांच्या हाडांच्या राखेतून येतो. साध्यासुध्या कपातही तिचा हिस्सा मोठा असतो.)

कापडाकडे वळल्यावर पांढऱ्याचे अर्थ अधिक गुंतागुंतीचे होतात, कारण भिंत काही कोणाला हिणवत नाही. पंढरीच्या वारकऱ्याचे धोतर-सदरा-टोपी, सरस्वतीचे शुभ्र वस्त्र, जैन ध्वजाच्या पाच रंगांतील अरिहंतांचा पांढरा, ही सर्व आदराची उदाहरणे आपल्याला तोंडपाठ असतात. त्याच पांढऱ्याने बायकांना शिक्षाही केली. केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेला आपल्याकडे तांबडे आलवण असे. मात्र इतर कित्येक घरांत नवरा गेलेल्या बाईच्या वाट्याला पांढरे पातळ आणि मोकळे कपाळ आले, आणि घरात काही वाईट घडले की नव्या सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणायला लोक मोकळे झाले. साधूच्या अंगावर जो रंग स्वतःहून घेतलेला त्याग होता, तोच बाईच्या अंगावर इतरांनी घातला. म्हणून ‘पांढरा म्हणजे पावित्र्य’ असे सरसकट वाक्य मला कोणत्याही रंगसंगतीच्या पुस्तकात खटकते. रंग कोणी निवडला आणि कोणावर घातला, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही.

बेळगावला पांढऱ्या कापडाचा एक राजकीय इतिहासही आहे. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले काँग्रेसचे एकमेव अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये येथे, आजच्या टिळकवाडीच्या परिसरात भरले. त्या वेळी खणलेली विहीर अजून काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. काँग्रेसचे सभासदत्व चरख्यावरच्या सुताशी बांधण्याचा निर्णय या अधिवेशनात झाला. सभासदाने महिन्याला २००० वार सूत द्यावे, असे ठरले. अधिवेशनाची जबाबदारी उचलणारे गंगाधरराव देशपांडे जवळच्या हुदलीचे. त्यांनी त्या गावात रुजवलेली खादी आजही तेथे विणली जाते, आणि गांधीजी १९३७ मध्ये त्या गावी मुक्कामाला होते. हुदलीच्या कोऱ्या खादीचा पांढरा गिरणीतल्या ब्लीच केलेल्या कापडासारखा नसतो. त्यात कापसाच्या बोंडाची पिवळसर झाक आणि कधी कधी सरकीच्या सालाचा काळा ठिपका असतो. ती धूत गेल्यावर उजळते. गांधीजी आलेले लिफाफे उलगडून त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहीत, हे सर्वश्रुत आहे. खादी आणि तो लिफाफा यांची दृष्टी मला एकच वाटते. आमच्याकडे शाळेच्या कच्च्या वहीसाठी पाठकोरे कागद शिवून देत, तेव्हा त्यामागे काटकसरीपलीकडे काही आहे असे कोणी म्हणत नसे. पण एका बाजूला कोणाचे तरी वीजबिल आणि दुसऱ्या बाजूला आपली गणिते, हे पान नव्या कोऱ्या पानाइतके दडपण आणत नसे, एवढे खरे.

आणि मग वाकळ. घाटावर जिला गोधडी म्हणतात ती आमच्या बाजूला, कोल्हापूरपासून खानापूरपर्यंत, वाकळ असते. वरून दिसणारी ठिगळे रंगीबेरंगी: इरकली लुगड्याचा काठ, पोलक्याचे खण, शाळेच्या गणवेशाची निळी पट्टी. तिच्या पोटात मात्र बहुधा पांढरे असते, कारण पोटाला मऊ आणि रंग न सोडणारे कापड लागते आणि ते गुण सर्वांत जास्त जुन्या धोतरात असतात. आमच्या आजीकडे वाकळ उसवायला आली की मी शेजारी बसत असे. उसवलेल्या वाकळीतील धोतराचे थर इतके विरलेले असत की उजेडासमोर धरले तर पलीकडची खिडकी दिसे, आणि धावदोऱ्याच्या रांगा तेवढ्या त्यावर भोकांच्या रूपाने राहिलेल्या असत. आजी त्यातील कापड हाताने ओढून पाही. टिकेल ते परत आत जाई. न टिकणारे दिव्याच्या वातींना, फडक्यांना, किंवा घरात कोणाला दिवस गेले असतील तर बाळाच्या दुपट्याला. तान्ह्या मुलाला आपल्याकडे पहिल्याने नवे कापड घालत नाहीत, त्याच्या कातडीला खळीचे कापड टोचते. जगात आल्यावर अंगाला लागणारा पहिला पांढरा हा असा दुसऱ्याने वापरून मऊ केलेला असतो. गमतीचा भाग असा, की शेवटचा पांढरा, मर्तिकाच्या दुकानातला, तेवढा नवाकोरा आणतात.

हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीत आणि खानापूरच्या कडेला राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी ही ठिगळांची वाकळ शिवतात, तिच्याविषयी वेगळे लिहायला हवे. तिच्या चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ लावल्याशिवाय ती पूर्ण झाली असे मानत नाहीत. आता त्या शहरांतील प्रदर्शनांत भिंतीवर लागतात, आणि भिंत अर्थातच पांढरी असते.

जुन्या वस्तूंना एकच पांढरा रंग देणे हा प्रकारच मला मंजूर नाही, असे मात्र नाही. अमेरिकन शिल्पकार लुईझ नेव्हेल्सन हे माझ्या मताला पडलेले मोठे भगदाड आहे. आजच्या युक्रेनमध्ये १८९९ साली जन्मलेली ही बाई लहानपणीच अमेरिकेत गेली, आणि न्यूयॉर्कमध्ये जुनी घरे पडत असताना रस्त्यावर आलेले लाकूडसामान उचलू लागली: खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे, खोकी, चौकटींचे तुकडे. ते खोक्याखोक्यांत रचून ती त्यांच्या भिंती उभारत असे आणि सगळ्यांना एकच रंग देत असे, बहुतेक वेळा काळा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९५९ साली तिने प्रथमच एक संपूर्ण दालन पांढरे मांडले. त्याची कल्पना पहाटेच्या लग्नसोहळ्याची होती. प्रदर्शनानंतर ती रचना एकत्र राहिली नाही, भाग वेगवेगळे झाले. जमवलेल्या लाकडाची पुन्हा पांगापांग झाली. छायाचित्रांत पाहिले तरी कळते, की तेथे पांढऱ्याने काही झाकलेले नाही. रंगांचे भांडण थांबल्यामुळे प्रत्येक खाच, प्रत्येक खिळ्याचे भोक, प्रत्येक मोडकी कड स्वतःची सावली टाकते आणि ती सावलीच दिसत राहते. खुर्चीचा पाय तेथे खुर्चीचा राहत नाही, पण त्याची झीज राहते. चढवलेला पांढराही उरलेल्याला जागा करून देऊ शकतो, एवढे मी तिच्यामुळे मान्य केले आहे. अट इतकीच, की त्या हातात तेवढी नजर हवी.

ही नजर नसली की काय होते ते आमच्या शहरात सध्या भरपूर पाहायला मिळते. रस्तारुंदीत आणि वाटण्यांत जुने वाडे जात आहेत, त्यांची दारे, तुळया, गणेशपट्ट्या, कडी-कोयंडे भंगाराच्या आवारांत येऊन पडतात, आणि कॉफीची नवी दुकाने ती घेऊन जातात. हे चांगलेच आहे. सरपणात जाण्यापेक्षा लाख पटींनी चांगले. एका मालकांनी अशाच एका सागवानी दाराच्या जोडीसाठी मला बोलावले. दारावर ऑइलपेंटचे हिरव्या, आकाशी, पुन्हा हिरव्या अशा रंगांचे थर होते, खालच्या फळीला उंबऱ्यातून येणाऱ्या पावसाने खवले पडले होते, आणि कडीभोवती कित्येक हातांनी घासून लाकूड उघडे पडून गुळगुळीत झाले होते. मालक म्हणाले, “मॅडम, जुनं वाटलं पाहिजे, पण मळकं नको. पांढरं करा.” त्यांनी मोबाइलवर नमुना दाखवला. त्याची कृती अशी: दार आधी घासून पार नवे करायचे, खवले लांबीने (पुट्टीने) भरायचे, पांढरा रंग मारायचा, आणि तो वाळल्यावर कडांना पॉलिशपेपर मारून, खालचे लाकूड जागोजागी दिसेल असे करून, त्याला जुनेपण आणायचे.

खरोखर झिजलेल्या दाराची झीज पुसून त्यावर खोटी झीज काढणे, आणि त्यासाठी दोन वेळा मजुरी देणे, हे माझ्याने झाले नाही. मी त्यांना दुसरा मार्ग सुचवला: सैल झालेले पापुद्रे तेवढे खरवडावेत, कडीभोवतीचे लाकूड तसेच ठेवावे, वर जवसाचे तेल द्यावे, आणि पांढरे हवेच असेल तर दारामागची भिंत चुन्याने पांढरी करावी, म्हणजे दाराचे सगळे थर त्यावर उठून दिसतील. भिंतीचा चुना त्यांना कपड्यांना लागेल म्हणून नको होता. दार पुढे दुसऱ्याच कारागिराने पांढरे केले आणि ते छायाचित्रांत फार छान दिसते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे; तरुण मुले त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. माझ्या मिस्त्रींनी ते पाहून एवढेच विचारले, “ह्ये पांढरं पावसाळ्यात बुरसंल की, अक्का?” बुरसेल, आणि मग त्यावर पुन्हा पांढरा हात बसेल. असे हात पुरेसे बसले तर त्या दारालाही कधीतरी चुन्याच्या पोपड्यासारखा काठ येईल, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे.

त्याच वाड्यातील उरलेली दारे मी त्या वेळी विकत घेऊन ठेवली. ती अनगोळला एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये पत्र्याखाली उभी आहेत. एका जोडीच्या चौकटीला थोडी वाळवी लागलेली आहे, बाकी लाकूड ठणठणीत आहे. कोणाला घरासाठी हवी असतील तर खरेदीच्याच भावाने द्यायला तयार आहे. नेणाऱ्याने फक्त काय करणार ते आधी सांगावे, आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आल्यास मात्र भाव वाढेल.